खुळखुळणारं भिंग



दिवाळीनंतर इथं काही लिहिलं नाही म्हणून पुण्याहून पुतणीचा फोन आला, "काका, ब्लॉग बंद केला की काय?" बंद नाही केला. एक गोष्ट लिहायची होती आणि ती लिहायला हात धजत नव्हता. आज लिहून टाकतो. लेख इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करावी लागेल.

१९८५ चा डिसेंबर. मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवायचो. हॅलेचा धूमकेतू ७६ वर्षांनी येणार म्हणून वर्तमानपत्रं भरून वाहत होती. शाळेच्या कपाटात एक जुनी दुर्बीण लाकडी पेटीत पडून होती. तीन इंचाचं भिंग, पितळी कडं, तिकाटण्यावर ठेवायची. मी बी.ए. झालेला माणूस, दुर्बिणीतलं मला काय कळणार? पण पोरांना धूमकेतू दाखवायचा उत्साह दांडगा. पेटी उघडली, दुर्बीण हलवून पाहिली, तर पुढचं भिंग कड्यात खुळखुळ वाजत होतं. अगदी बारीक, पण वाजत होतं.

मला वाटलं, ढिली झाली. दुपारच्या सुट्टीत उन्हात बसून भिंगावरची आट्यांची कडी सोडवली. तुपाच्या डब्याचा पत्रा कापून तीन तुकडे केले, भिंग आणि कड्याच्या फटीत तीन बाजूंनी ठोकून बसवले आणि पकडीनं कडी गच्च आवळली. आवाज बंद. काम फत्ते झालं म्हणून स्वतःवरच खूश.

रात्री दुर्बीण मैदानावर न्यायला आठवीतल्या एका पोराला सांगितलं. चुणचुणीत पोर, बापाची दोन एकर कोरडवाहू. तारेच्या कुंपणाशी तो अडखळला, पण पेटी त्यानं छातीशी धरून ठेवली होती. आधी नेम साधायला म्हणून ईशान्येकडचा ब्रह्महृदय तारा लावला, तर तारा चक्क त्रिकोणी! नेत्रिका पुढे-मागे केली, तरी तीन कोपरे काही जाईनात. शिंगाड्यासारखा तारा. मी त्या पोरावर ओरडलो, "पाडलीस ना पेटी?"

"नाही जी सर, म्या नाही पाडली."

"मग तारा असा का दिसतो?"

यावर त्याच्याजवळ उत्तर नव्हतं. माझ्याजवळ होतं, पण मला ते ठाऊक नव्हतं. त्याला मी सगळ्यांदेखत घरी पाठवलं आणि पुढच्या कोणत्याही रात्री येऊ दिलं नाही. पुढं कुणाची तरी द्विनेत्री मागून आणली, बाकीच्या पोरांनी कापसाच्या बोंडासारखा तो धूसर ठिपका पाहिला. त्यानं नाही पाहिला. धूमकेतू आता २०६१ साली येणार.

असो. या दिवाळीत तो भेटायला आला. आता पन्नाशी ओलांडलेला, पुण्यात भिंगांच्या आणि आरशांच्याच कामात असतो. चहा झाला आणि त्याची नजर कोपऱ्यातल्या पेटीकडे गेली. शाळेनं ती दुर्बीण निर्लेखित केली तेव्हा मी रीतसर पैसे भरून घरी आणली होती. चाळीस वर्षांत कुणी तिला हात लावला नव्हता. त्यानं परवानगी विचारून पेटी उघडली, भिंगाकडे पाहिलं, आणि पत्र्याचे ते तीन तुकडे दिसताच गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "सर, हे कुणी लावले?"

त्यानंतरचं सगळं मी त्याच्याकडून शिकलो. मला समजलं तेवढं सांगतो.

चांगलं भिंग कड्यात आवळून बसवायचं नसतं. आपल्याला काच म्हणजे कडक वस्तू वाटते, फुटेल पण वाकणार नाही. प्रत्यक्षात काच वाकते, दबते. फक्त इतकी कमी की आपल्या डोळ्यांना कळत नाही. प्रकाशाला मात्र कळतं. प्रकाशाची एक लाट मिलिमीटरच्या साधारण दोन हजाराव्या भागाएवढी. भिंगामुळे त्या लाटेत पाव लाटेएवढी जरी गडबड झाली, तरी प्रतिमा बिघडू लागते. तीन बाजूंनी दाबलं की काच तीन ठिकाणी किंचित मुरडते आणि ताऱ्याला तीन कोपरे फुटतात.

दुसरी गोष्ट थंडीची. आमच्याकडे बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव कशी चढवतो हे जुन्या मंडळींनी पाहिलं असेल. लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहानच करतात. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होईस्तोवर तापवतात, म्हणजे ती फुगते. मग चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. चर्र आवाज होतो, धाव आक्रसते आणि आरे-तुंबा सगळं असं घट्ट धरते की चाक वर्षानुवर्षं हलत नाही. धातू थंड झाल्यावर आवळतो, हे ज्ञान आपल्या लोहारांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

भिंगाच्या कड्याचंही तेच होतं, फक्त इथं ते नको असतं. पितळ काचेपेक्षा अडीचपटीहून जास्त आक्रसतं. मी भिंग बसवलं दुपारच्या उन्हात, तारा पाहिला डिसेंबरच्या रात्री. वीस अंशांचा फरक धरा. तीन इंची भिंगापेक्षा त्याचं कडं सुमारे ०.०१८ मिलिमीटर जास्त आक्रसलं. म्हणजे केसाच्या जाडीचा चौथा हिस्सा. कुणी म्हणेल, एवढंसं! पण प्रकाशाच्या मापानं तो हिशेब तीसेक लाटांचा झाला. आधीच पत्रे ठोकून जागा उरू दिली नव्हती, त्यात थंडीनं कडं आवळलं. मी भिंगावर धाव चढवली होती!

"म्हणजे तो खुळखुळाट…" मी विचारलं.

"तो बनवणाऱ्यानं मुद्दाम ठेवला होता सर. थंडीत कडं आवळलं तरी काचेला श्वास घ्यायला जागा हवी."

आयुकात हौशी लोकांसाठी दुर्बीण बनवायच्या कार्यशाळा होत, त्यातल्या एकीत त्याला हे पहिल्यांदा समजलं म्हणे. आरसा धरणाऱ्या चिमट्यांत आणि आरशात कागद सरकेल एवढी फट ठेवा, नाहीतर तारे त्रिकोणी दिसतील, असं तिथं सांगितलं. त्याच दिवशी त्याला शाळेचं मैदान आठवलं. पण मला कळवलं नाही. का, हे मी विचारलं नाही.

जाताना मात्र म्हणाला, "सर, तुम्ही इतिहासाचे. १८९८ चं ग्रहण वाचा. आपल्याच भागात झालं आहे सगळं." तेव्हापासून तेच वाचतो आहे.

शनिवार, २२ जानेवारी १८९८. त्या दुपारी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणातून शिरली आणि देश, वऱ्हाड, मध्य प्रांत असा तिरका पट्टा कापत ईशान्येकडे गेली. तो काळ डोळ्यांसमोर आणा. नुकताच दुष्काळ होऊन गेलेला. मुंबई-पुण्याकडे प्लेग. सात महिन्यांपूर्वी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली होती आणि टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. पाच वर्षांपूर्वी 'ओरायन' लिहून नक्षत्रांवरून वेदांचा काळ काढणारा माणूस, आणि असं ग्रहण त्याच्या मुलखावरून जाताना तो गजाआड! आमच्या जिल्ह्याला तेव्हा यवतमाळ जिल्हा हे नावही नव्हतं, इंग्रजी दप्तरात तो 'वून' म्हणजे वणीचा जिल्हा होता.

या ग्रहणासाठी जगभरचे लोक आले. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर. (किल्ल्यावरचा साहेबाचा ओटा दाखवून १८६८ साली लॉकियरनं तिथं हेलियम शोधला असं सांगतात. मीही वर्गात कितीदा सांगितलं. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडात होता, विजयदुर्गावर तो आला १८९८ साली. हीही एक दुरुस्ती करून घ्या.) पुलगावला न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स. आणि धामणगावजवळच्या तळणी स्टेशनापाशी ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी. पुलगाव कळंबहून सरळ रेषेत तीसेक किलोमीटर. जन्म इथं गेला, चिंतामणीच्या देवळाच्या पायऱ्या हजारदा उतरलो, पुलगावच्या फलाटावर कितीदा गाडी बदलली, पण हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळावं!

माझ्या विषयाच्या दृष्टीनं सगळ्यांत मोलाचं ठिकाण मात्र सोलापूर जिल्ह्यातलं, करमाळ्याजवळचं जेऊर. तिथं कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल उतरले होते. त्यांच्याजवळचा कॅमेरा चाळीस फूट लांबीचा. भिंग पाचच इंचाचं, पण ते प्रतिमा पाडायचं चाळीस फुटांवर, म्हणून काचेवर सूर्य उमटायचा साडेचार इंचांचा. सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाचे धागेदोरे त्यात स्पष्ट दिसावेत, हा हेतू. हाच कॅमेरा १८९३ साली चिलीत वापरला, तेव्हा तो डोंगराच्या उतारावर आडवा टेकवता आला होता. जेऊरला डोंगर कुठला? सपाट माळ.

मग कॅम्पबेलनं मनोरा बांधायचं ठरवलं. पण चाळीस फुटी नळीला वारा लागणार, नळी थरथरणार, आणि भिंग नळीच्या टोकाला बसवलं तर तेही थरथरणार. यावर त्यानं काढलेली युक्ती मला फार आवडली. एकात एक असे दोन मनोरे. आतल्या मनोऱ्यावर फक्त भिंग. बाहेरच्या मनोऱ्यावर नळीचं वरचं टोक. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. वारा जो काही लागायचा तो बाहेरच्याला लागू दे, ओझं जे काही असेल ते बाहेरच्यानं वाहू दे. खाली खड्ड्यात छायाचित्राची काच घड्याळाच्या यंत्रानं सूर्याच्या गतीनं सरकत होती. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटं. तेवढ्यासाठी अर्ध्या पृथ्वीचा प्रवास!

वाऱ्याची थरथर आणि कड्याचा दाब या गोष्टी वेगळ्या आहेत, हे माझ्या विद्यार्थ्यानं मला बजावलं आहे. पण मूळ विचार एकच. काचेला जागेवर धरा, पण तिच्यावर दुसऱ्या कशाचंही ओझं येऊ देऊ नका.

जेऊरच्या त्याच माळावर आपल्याकडचाही एक माणूस होता. कावसजी दादाभाई नायगमवाला, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले (आजचं सीओईपी) प्राध्यापक. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी पुण्यात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली होती. तिथली वीस इंची आरशाची दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यात बनलेली, त्या काळी भारतातली सर्वांत मोठी. नायगमवाला जेऊरला गेले आणि ग्रहणाच्या वेळचे सूर्याचे वर्णपट त्यांनी टिपले.

ग्रब या नावाशी जरा थांबू या, कारण आमच्या बैलांचा संबंध इथं पुन्हा येतो. भिंग फक्त कडेला धरता येतं, मधून तर प्रकाश जायचा असतो. म्हणून भिंग मोठं झालं की स्वतःच्याच वजनानं मधोमध किंचित लवतं. १८९७ साली अमेरिकेत यर्क्स वेधशाळेत चाळीस इंची भिंगाची दुर्बीण सुरू झाली, आणि वेधशाळेत नियमित कामाला आलेली तिच्याहून मोठी भिंगाची खगोलदुर्बीण पुढं झाली नाही. कडेनं धरायची हद्द तिथं संपली. आरशाचं तसं नाही. त्याला पाठ असते, पाठीखाली आधार देता येतो.

पण आधार किती ठिकाणी? तीन ठिकाणी दिला तर आरसा त्यांच्या मधे लवेल. नऊ ठिकाणी दिला तर नऊही आधार तंतोतंत सारखे हवेत, एक जरी वर आला तरी तो टोचणार. डब्लिनचे थॉमस ग्रब यांनी १८३५ साली आर्माच्या वेधशाळेसाठी यावर तोड काढली. आपल्याकडचं जू बघा. मधोमध दांडीला बांधलेलं, एक बैल पुढे गेला की दुसरीकडून ते मागे येतं, त्यामुळे ओढ दोघांवर आपोआप वाटली जाते. ग्रब यांनी आरशाखाली अशाच तरफा लावल्या. एका टेकूवर झुलणारी तरफ, तिच्या टोकांवर झुलणारे त्रिकोण, त्रिकोणांच्या कोपऱ्यांवर आरसा. कुठं एक टोक जरा वर आलं की दुसरं खाली जातं, आणि भार सगळीकडे सारखा वाटला जातो. घोडागाडीच्या जोखडात हीच रचना असते, इंग्रजीतलं तिचं नावही जोखडावरूनच आलं. पुण्याची दुर्बीण बनवणारे हॉवर्ड ग्रब हे या थॉमस यांचे चिरंजीव.

आता तळणीला परत येऊ. तिथं अ‍ॅनी माँडर नावाची बाई होती. ग्रीनिच वेधशाळेत आकडेमोड करायची नोकरी, लग्न झालं म्हणून १८९५ साली सोडावी लागलेली. नवरा खगोलशास्त्रज्ञ, तोही सोबत होता. अ‍ॅनीजवळ चाळीस फुटी काही नव्हतं. दीड इंचाचं छोटं भिंग आणि हातभर लांबीचासुद्धा नसलेला कॅमेरा. पण त्या कॅमेऱ्यात सूर्यापासून निघालेली प्रभेची एक शलाका सापडली, सुमारे साठ लाख मैल लांब. छायाचित्रात तोवर इतकी लांब शलाका कुणाला मिळाली नव्हती. लहान भिंगाचा हा एक फायदा, ते आपल्या व्यासाच्या मानानं जाड आणि ताठ असतं, सहसा मुरडत नाही. मोठेपण आलं की सांभाळणं आलं.

तळणीलाच जॉन एव्हरशेड नावाचे गृहस्थही होते. पुढं १९११ साली ते कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झाले. १९१२ साली पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि ग्रब यांची ती वीस इंची दुर्बीण कोडाईकनाललाच गेली. वऱ्हाडातल्या माळावर आलेला माणूस आणि पुण्याची दुर्बीण अशी शेवटी एका छपराखाली आली.

हे सगळं जुनं झालं असं मात्र समजू नका. २ सप्टेंबर २०२३ ला आपलं आदित्य-एल१ यान सूर्याच्या अभ्यासाला निघालं, त्यातली अतिनील किरणांतून सूर्य पाहणारी 'सूट' ही दुर्बीण पुण्याच्या आयुकानं इस्रोच्या साथीनं घडवलेली. अवकाशात जायच्या दुर्बिणीला दोन्ही संकटं एकदम. उड्डाणाच्या वेळी प्रचंड हादरे, म्हणजे काच घट्ट धरायला हवी. वर गेल्यावर ऊन-सावलीचा फरक, म्हणजे ती आवळायला नको. म्हणून अशा कामात काच धातूला थेट न टेकवता लवचिक पट्ट्यांवर किंवा रबरासारख्या गोंदाच्या थरावर धरतात. धातू आक्रसला तर पट्टी वाकते, काच वाकत नाही.

दाब डोळ्यांनी पाहायचा असेल तर घरी करून बघा. माझ्या विद्यार्थ्यानं याच संगणकावर दाखवलं. पडदा पांढरा ठेवा आणि पोलरॉइडचा गॉगल डोळ्यांसमोर धरून फिरवा. एका कोनात पडदा काळा होईल. आता नातवाच्या कंपासपेटीतला प्लॅस्टिकचा कोनमापक मधे धरा. काळ्या पडद्यावर मोराच्या पिसासारखे रंग दिसतील. बोटांनी दाबलात तर रंग सरकतील. घडवताना प्लॅस्टिकमध्ये राहून गेलेला ताण आणि तुमच्या बोटांचा दाब, दोन्ही तुम्हाला दिसतात. काचेतही दाबानं असंच होतं, हे ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाला १८१५ च्या सुमारास दिसलं होतं.

दिवाळीच्या त्या रात्री तो लगेच निघाला नाही. आम्ही गच्चीवर सतरंजी टाकली. त्यानं आट्यांची कडी सोडवली, पत्र्याचे तीन तुकडे चिमट्यानं काढून माझ्या तळहातावर ठेवले. भिंग पुसलं, परत बसवलं, कडी बोटांनीच फिरवली आणि शेवटी अर्धा आटा उलटी सोडली. दुर्बीण कानाशी धरून हलवली आणि मला ऐकवली. खुळखुळ!

मी विचारलं, "चाळीस वर्षं दाबून ठेवलेली काच. आता कायमची वाकडी झाली असेल ना?"

"नाही सर. दाब काढला की काच होती तशी होते."

ब्रह्महृदय वर यायला साडेदहा वाजले. आधी त्यानं पाहिलं, मग मला बोलावलं. तारा स्वच्छ, गोल. एक टिंब.

मी म्हणालो, "तू नव्हती पाडली रे पेटी."

"म्हटलं होतं जी तेव्हा," तो म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही.

२०६१ साली तो नव्वदीला टेकलेला असेल. ती दुर्बीण मी त्याला देऊन टाकली. पत्र्याचे तीन तुकडे मात्र माझ्या टेबलावर ठेवले आहेत.

चूकभूल द्यावी घ्यावी.